साचा मागणाऱ्या स्त्रिया

नाताळ जवळ आला की शहरांतील भांड्यांच्या दुकानांचे दर्शनी भाग बदलतात. दिवाळीपूर्वी जेथे चकलीचे सोरे आणि शंकरपाळ्यांची कातणी मांडलेली असतात, तेथे डिसेंबरात केकची भांडी येतात. साध्या गोल भांड्यांच्या जोडीला आता नक्षीदार भांडीही दिसतात. मध्ये पोकळ नळी, कडेने पिळदार खोबणी, आणि उपडे केले की मुकुटासारखा उभा राहणारा केक. काही ताऱ्याच्या आकाराची, काही सूचिपर्णी वृक्षाच्या. मध्यमवर्गीय घरांतून ती हौसेने घेतली जातात आणि त्यावरून एक ठराविक वाद दरवर्षी रंगतो. एक पक्ष म्हणतो, हे आपल्या घरात कशाला? दुसरा पक्ष म्हणतो, खाण्याला का कधी धर्म असतो? दोन्ही पक्ष केकविषयी बोलतात; तो ज्या भांड्यात भाजला जातो, त्या भांड्याकडे मात्र कोणी पाहत नाही. वास्तविक त्या भांड्याची हकिकत समजून घेतली, तर हा वाद एका निराळ्याच प्रश्नापाशी येऊन थांबतो आणि तो प्रश्न केक न करणाऱ्या घरांनाही तितकाच लागू पडतो.

मातीच्या साच्यातून

या भांड्याचे मूळ मध्य युरोपात आहे. ऑस्ट्रिया, दक्षिण जर्मनी आणि आज फ्रान्समध्ये असलेला अल्सास प्रांत या पट्ट्यात ‘गुगेलहुप्फ’ अथवा ‘कुगेलहोप्फ’ या नावाचा एक गोड पदार्थ शतकानुशतके केला जातो. मैदा, लोणी, अंडी, दूध, मनुका आणि बदाम यांचे यीस्ट घालून फुगवलेले पीठ उंच, पिळदार साच्यात भाजायचे आणि वरून पिठीसाखर भुरभुरवायची, असा हा प्रकार. रविवारची न्याहारी आणि नाताळची सकाळ ही त्याची हक्काची स्थाने. ख्रिस्ती घरांप्रमाणेच त्या प्रदेशातील ज्यू घरांतही तो होत असे.

साच्याच्या मध्यभागी असलेली नळी शोभेसाठी नाही. जाड पिठाचा मोठा गोळा भट्टीत ठेवला की कडा करपतात आणि गाभा कच्चा राहतो. नळीमुळे उष्णता गाभ्यालाही भिडते आणि पदार्थ सर्वत्र सारखा शिजतो. आपल्याकडे मेदुवड्याला मध्ये भोक पाडतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. कडेच्या खोबणींमुळे खरपूस पृष्ठभाग वाढतो आणि काप कोठे करावा याची खूणही मिळते. गरजेतून आकार जन्मला, पुढे त्याला शोभा आली, आणि शोभेला कालांतराने अर्थ चिकटला. लोकपरंपरेत आकार घडतात ते याच क्रमाने.

अल्सासमधील सुफ्लेनहाइम हे गाव कुंभारांचे. तेथील भाजक्या मातीचे रंगीत साचे प्रसिद्ध आहेत. ईस्टरसाठी कोकराचा साचा, नाताळसाठी ताऱ्याचा. सण बदलला की भांडे बदलायचे. याच प्रांतातील रिबोव्हिले गावात अशी दंतकथा सांगतात की, येशूच्या दर्शनाला गेलेले तीन ज्ञानी पुरुष परतीच्या वाटेवर कुगेल नावाच्या एका कुंभाराच्या घरी उतरले आणि आतिथ्याची उतराई म्हणून त्यांनी हा पदार्थ केला. साच्याचा आकार म्हणजे त्यांच्या पागोट्यांची आठवण. दंतकथेला इतिहासाचा आधार नसतो. परंतु आपल्या स्वयंपाकघरातील एका मातीच्या भांड्याला त्या समाजाने थेट आपल्या धर्मकथेशी जोडले, ही गोष्ट बोलकी आहे. ज्या भांड्याला कथा असते, ते भांडे सहसा अडगळीत जात नाही.

मिनियापोलिसची मागणी

एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या आरंभी युरोपातून लक्षावधी माणसे अमेरिकेत गेली. उत्तरेकडील मिनेसोटा राज्यात नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क येथील वसाहतकारांचे प्रमाण मोठे होते. या राज्यातील मिनियापोलिस शहरात १९४६ मध्ये एच. डेव्हिड डालक्विस्ट आणि त्यांच्या पत्नी डॉरोथी यांनी घराच्या तळघरात भांड्यांचा छोटा उद्योग सुरू केला. ‘नॉर्डिक वेअर’ हे त्याचे पुढे प्रसिद्ध झालेले नाव. आरंभी त्यांनी काय बनवले, हे पाहण्याजोगे आहे. नॉर्वेच्या पातळ, नक्षीदार ‘क्रुमकाके’साठी चिमटा, फुलासारख्या ‘रोझेट’साठी तेलात बुडवायचा साचा आणि डेन्मार्कच्या ‘एब्लेस्किव्हर’साठी सात खळग्यांचे पात्र. हे शेवटचे पात्र मराठी माणसाला दाखवले तर तो क्षणाचाही विलंब न लावता त्याला आप्पेपात्रच म्हणेल. अमेरिकेत स्थायिक झालेल्या अनेक भारतीय गृहिणींनी तसे म्हटलेही. त्यांच्या घरी आप्पे याच पात्रात होतात.

सारांश, मायदेश सोडून आलेल्या लोकांच्या सणांना लागणारी भांडी पुरवणे हाच या उद्योगाचा पाया होता. १९५० मध्ये त्यांच्याकडे आणखी एक मागणी आली. हदासा ही ज्यू स्त्रियांची संघटना. १९१२ मध्ये हेन्रिएटा सोल्ड यांच्या पुढाकाराने न्यूयॉर्कमध्ये ती स्थापन झाली होती आणि जेरुसलेममध्ये आरोग्यसेवा उभी करणे हे तिचे मोठे कार्य होते. या संघटनेच्या मिनियापोलिस शाखेतील स्त्रिया डालक्विस्ट यांना भेटल्या. रोझ जोशुआ आणि फॅनी शानफील्ड ही त्यांतील नोंदली गेलेली दोन नावे. त्यांची मागणी साधी होती. आमच्या आई-आजीकडे युरोपात जड, ठिसूळ साच्यात कुगेलहोप्फ होत असे. तसा साचा येथे मिळत नाही. तो आम्हांला बनवून द्यावा.

मागणीचे वर्ष लक्षात घेतले पाहिजे. दुसरे महायुद्ध संपून जेमतेम पाच वर्षे झाली होती. साठ लाख ज्यूंची हत्या झाली होती आणि ज्या स्वयंपाकघरांतून हा पदार्थ आला होता, त्यांपैकी असंख्य घरे माणसांसह नाहीशी झाली होती. परत जावे असे घरच उरले नाही की घराची चव भांड्यातूनच परत आणावी लागते. या स्त्रियांनी शोकसभा भरवली नाही, की परिषद घेऊन ठराव केला नाही. त्या कारागिराकडे गेल्या आणि त्यांनी साचा मागितला.

डालक्विस्ट यांनी मूळ साच्याची हुबेहूब प्रतिकृती केली नाही. त्यांनी हलके ओतीव ॲल्युमिनियम वापरले, खोबणी अधिक ठसठशीत केल्या, केक सहज सुटेल आणि नीट कापता येईल अशी योजना केली. या स्त्रिया त्या भांड्याला ‘बुंड’ म्हणत. जर्मन भाषेत या शब्दाला समुदाय, मेळा असा अर्थ आहे. त्याला ‘ट’ जोडून ‘बंट’ हे नाव त्यांनी नोंदवून घेतले. कारखान्यात थोडी सदोष निघालेली भांडी हदासाच्या स्त्रियांना मिळत. त्या ती विकून संघटनेच्या कार्यासाठी निधी जमवीत. संसार, संघटना आणि कारागिरी यांचा असा मेळ ज्यांना साधतो, त्यांची परंपरा परमुलखातही टिकते.

सोळा वर्षांची प्रतीक्षा

यानंतर पुष्कळ वर्षे हे भांडे फारसे खपले नाही. ते बंद करण्याचा विचारही झाला होता, असे सांगतात. १९६६ मध्ये पिल्सबरी या पिठाच्या कंपनीने, जी मिनियापोलिसचीच, भरवलेल्या राष्ट्रीय पाककला स्पर्धेत टेक्सासमधील एला हेल्फ्रिच यांच्या केकला दुसरे पारितोषिक मिळाले. ‘टनेल ऑफ फज’ हे त्याचे नाव. कापल्यावर आत चॉकलेटचे मऊसूत भुयार दिसे, आणि तो भाजला होता बंट भांड्यात. हे भांडे कोठे मिळेल, अशी विचारणा करणारी दोन लाखांहून अधिक पत्रे कंपनीकडे आली, असे नोंदले गेले आहे. तेव्हापासून आजवर सहा कोटींहून अधिक बंट भांडी विकली गेली. डालक्विस्ट २००५ मध्ये निवर्तले आणि २००७ मध्ये वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने या भांड्याला राष्ट्रीय इतिहासाच्या संग्रहात स्थान दिले. उद्योग आजही त्याच कुटुंबाकडे आहे आणि ही ओतीव भांडी आजही मिनियापोलिस परिसरातच तयार होतात.

आता या कथेतील विलक्षण वळण पाहावे. मूठभर ज्यू स्त्रियांनी आपल्या आजीच्या पदार्थासाठी मागितलेले भांडे आज अमेरिकेतील ख्रिस्ती कुटुंबांच्या नाताळच्या मेजावर विराजमान आहे. त्याच भांड्याला पुढे वृक्षाचे, पर्णचक्राचे, हिमकणांचे आकार आले. ज्यांनी भांडे मागितले त्यांची ओळख यामुळे पुसली गेली का? मुळीच नाही. त्यांनी आपले जतन केले, म्हणूनच इतरांना देण्याजोगे त्यांच्यापाशी काही उरले. संस्कृतीची देवघेव बरोबरीने व्हायची तर दोन्ही बाजूंच्या हातात काहीतरी असावे लागते. रिकाम्या हाताने केवळ घेता येते.

भांडे शिकवते ती शिस्त

असा केक ज्यांनी स्वतः केला आहे, त्यांना हे भांडे किती कडक गुरू आहे ते ठाऊक असते. साध्या गोल भांड्यात थोडी हयगय खपून जाते. येथे खपत नाही. पातळ केलेले लोणी कुंचल्याने प्रत्येक खोबणीत, नळीच्या बुंध्यापर्यंत लावावे लागते. त्यावर मैदा भुरभुरवून, भांडे फिरवून, जादा मैदा झटकून टाकावा लागतो. मिश्रण पाऊण भांड्यापेक्षा वर जाता कामा नये. ते ओतल्यावर भांडे ओट्यावर हलके आपटायचे, म्हणजे खोबणींत अडकलेली हवा निघते. नाहीतर नक्षीवर खड्डे पडतात. भाजून झाल्यावर खरी परीक्षा असते ती संयमाची. लगेच उपडे केले तर केक तुटतो, पार गार होऊ दिला तर चिकटून बसतो. सुमारे दहा मिनिटे थांबायचे आणि मग एका हालचालीत उलटायचे. त्या दहा मिनिटांत घरातील सर्व मुले ओट्याभोवती जमलेली असतात.

अनारशाच्या पिठाला तीन दिवस देणाऱ्या, चकलीचे मोहन बोटांनी अजमावणाऱ्या, चिरोट्याचे पदर सुटेपर्यंत तळणीवरून नजर न काढणाऱ्या घरांना ही शिस्त परकी वाटण्याचे कारण नाही. उलट, जे मूल हा केक मन लावून करते, त्याच्या हाताला आपले पदार्थ शिकण्याची पात्रता आलेली असते. ती पात्रता आपण वापरतो का, एवढाच प्रश्न आहे.

तलश्शेरीचा लोहार

भारतात नाताळच्या केकची जी हकिकत सांगितली जाते, तीही साच्यापाशीच येते. केरळमधील तलश्शेरी येथे मंबळ्ळी बापू या गृहस्थांची बेकरी होती. ब्रह्मदेशात बिस्किटे करण्याची कला शिकून आलेल्या या हिंदू उद्योजकाकडे १८८३ मध्ये मर्डोक ब्राउन हा दालचिनीच्या मळ्यांचा इंग्रज मालक आला. त्याने विलायतेहून आणलेला केक चाखायला देऊन तसाच केक करून मागितला. बापूंनी साचा धर्मडम येथील लोहाराकडून घडवून घेतला, मसाले मलबारच्या शेतकऱ्यांकडून घेतले आणि विलायती मद्याऐवजी स्थानिक फळांपासून केलेले मद्य वापरले. ब्राउनला तो केक इतका आवडला की त्याने आणखी डझनभर मागवले. भारतातील पहिला नाताळचा केक म्हणून तो ओळखला जातो.

येथे अनुकरण आहे, पण लाचारी नाही. वस्तू परक्याची, लोहार आपला, मसाला आपला, हात आपला. गोव्यात तर हा प्रवास दोन्ही दिशांनी झालेला दिसतो. चतुर्थीला हिंदू घरात जी नेवरी होते, तीच नाताळात ख्रिस्ती शेजाऱ्याच्या ताटात असते. धर्म बदलला, परंतु करंजीचा आकार बदलला नाही. स्वयंपाकघराची स्मृती किती चिवट असते, याचा याहून वेगळा पुरावा शोधण्याची आवश्यकता नाही.

आपल्या साच्यांचे काय?

म्हणूनच डिसेंबरातील त्या वादात विचारण्याचा प्रश्न ‘केक का करता?’ हा नाही. महाराष्ट्रातील मध्यमवर्गाला केक काही आज माहीत झालेला नाही. कुकरमध्ये वाळू तापवून केक करणाऱ्या गृहिणी दोन पिढ्यांपूर्वीही होत्या आणि त्यांच्या घरी चिरोटेही होत. प्रश्न असा आहे की, केकच्या नक्षीदार भांड्यासाठी जे घर हौसेने पैसे मोजते, त्या घरात पितळी सोऱ्या कोठे आहे? बिडाचे आप्पेपात्र कोणाला दिले? करंजीचे कातणे शेवटचे केव्हा वापरले? पाडव्याच्या साखरगाठींचे लाकडी साचे कोरणारा सुतार आज कोणाच्या ओळखीचा आहे?

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेतलाच पाहिजे. भांडे म्हणजे संस्कृती नव्हे. उकडीच्या मोदकाला साचा लागतच नाही. त्याच्या कळ्या बोटांनीच पाडायच्या असतात. पातोळ्यांना हळदीचे पान पुरते. शिवाय तयार फराळामुळे अनेक बचत गटांतील भगिनींच्या घरी चार पैसे जातात आणि नोकरी करणाऱ्या स्त्रीवर चार दिवस चुलीपाशी राबण्याची सक्ती करणे न्यायाचे नाही. हे सारे खरे आहे. परंतु मोदकाच्या कळ्या पाडणारी बोटे हाही एक साचाच आहे, आणि तो बाजारात मिळत नाही. एका हाताने दुसऱ्या हाताला शेजारी बसवून तो द्यावा लागतो. एक पिढी शेजारी बसली नाही की तो साचा मोडला. शिवाय हे काम स्त्रीनेच करावे असा नियम कोणी घातलेला नाही. केकचे मिश्रण हौसेने घुसळणारे घरातील पुरुष आणि मुलगे सोऱ्याही दाबू शकतात.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जुन्या घरांतील दिवे, अडकित्ते, भांडी मोठ्या आस्थेने जपली आहेत. दिनकर केळकरांचे ते ऋण महाराष्ट्र विसरू शकत नाही. पण संग्रहालय भांडे जपते, पदार्थ जपत नाही. स्मिथसोनियनमधील बंट भांडे काचेआड आहे. त्याचे भावंड मात्र प्रत्येक डिसेंबरात भट्टीत जाते, म्हणूनच ती वस्तू जिवंत आहे. आपली भांडी संग्रहालयात पोहोचली आणि भावंडे भंगारात गेली, तर त्याला जतन कसे म्हणायचे?

करण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते अवघड नाही. लग्नाच्या रुखवतात शोभेच्या निरुपयोगी वस्तूंऐवजी एक चांगला पितळी सोऱ्या, एक बिडाचे आप्पेपात्र ठेवता येईल. भगिनी मंडळांना आपल्या गावातील जुने साचे एकत्र करून त्यांची मापे आणि त्यांत होणारे पदार्थ नोंदवता येतील. पुण्याच्या तांबट आळीसारख्या ठिकाणी आजही धातूला आकार देणारे हात आहेत. त्यांच्याकडे जाऊन आजच्या शेगडीला चालेल, धुवायला सोपे पडेल असे भांडे मागता येईल. डालक्विस्ट यांनी जुन्या साच्यात बदल केला म्हणूनच तो नव्या घरात शिरला. आपल्या साच्यांतही असे बदल व्हायला हवेत. परदेशस्थ मराठी कुटुंबांना तर याची निकड अधिक. तेथे आजीचे घर कोपऱ्यावर नसते.

कारागीर आपणहून काही घडवीत नाही. त्याच्या दारी कोणीतरी जावे लागते. मिनियापोलिसमध्ये १९५० साली काही स्त्रिया गेल्या, म्हणून आज कोट्यवधी घरांत तो आकार आहे. पंचवीस डिसेंबरला ज्या मुलीने नक्षीदार केक न मोडता उपडा केला, तिला पुढच्या दिवाळीत चिरोटा लाटायला बसवावे. तिचा हात तयार आहे. शेजारी बसणारे कोणी आहे का, एवढेच आता प्रत्येक घराने पाहायचे आहे.